प्रीफॅब घरातले सांधे कसे तपासाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कारखान्यात तयार होऊन येणारं एकमजली मॉड्युलर घर घ्यायचंय. एकाने पफ सँडविच पॅनलचं (दोन पत्र्यांच्या मध्ये पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम) सुचवलंय, दुसऱ्याने पातळ पोलादी सांगाड्यावर सिमेंट बोर्ड लावलेलं, तिसऱ्याने जुन्या कंटेनरचं. तिघेही 'पन्नास वर्षं काही होणार नाही' म्हणतात. मग यातलं कोणतं मटेरियल घ्यावं?

मी या कामात एकोणीस वर्षं आहे. सुरुवातीला कारखान्यात तपासणीला होतो, मग साइटवर उभारणी केली, आणि आता लोक ताबा घेण्याआधी मला घर बघायला बोलावतात. एवढ्या वर्षांत भिंतीच्या मधोमध बिघडलेलं पॅनल मला क्वचितच दिसलं. बिघाड सापडतो तो पॅनलला पॅनल लागतं तिथे, छत भिंतीवर टेकतं तिथे, खिडकीच्या चौकटीभोवती, आणि दोन मॉड्यूल, म्हणजे कारखान्यातून तयार येणारे घराचे भाग, शेजारी येतात त्या रेषेवर. म्हणून खाली मटेरियलबद्दल लिहितोय खरा, पण प्रत्येक वेळी गाडी सांध्यावरच येईल.

एक उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत होती, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती आणि स्लॅब एकमेकांवर रचून उभारलेली. १६ मे १९६८ ला पहाटे १८व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. त्या घरातली बाई वाचली, म्हणजे स्फोट फार मोठा नव्हता हे समजा. पण बाहेरची भिंत सांध्यातून निसटली, वरच्या मजल्यांचा आधार गेला आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जणांचा जीव गेला. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पुढे १९८६ मध्ये ती इमारत उतरवताना सांधे उघडले, तेव्हा काही ठिकाणी मसाला नीट भरलेलाच नव्हता, आत वर्तमानपत्रांचे बोळे निघाले. तुमचं घर एकमजली आहे, तिथे असं काही होणार नाही. तरीही सांध्यात काय भरलंय हे बाहेरून दिसत नाही, ही अडचण तुमच्या घरातही तीच आहे.

आता पोलादी सांगाडा. पत्रा जेमतेम ०.८ ते २ मिलिमीटर जाडीचा असतो, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं हा काय भार घेणार. त्याची काळजी करू नका. घड्या घालून सी आकार दिला की तोच पत्रा ताठ होतो, आणि त्यावर बोर्ड स्क्रूने जागोजाग धरला की भिंत एकसंध काम करते. काळजी करायची ती जस्ताच्या मुलाम्याची. कोटेशनमध्ये 'गॅल्व्हनाइज्ड' एवढंच लिहिलं असेल तर आकडा मागा. झेड २७५ म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, एका बाजूला साधारण २० मायक्रॉन. झेड १२० म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी. दिसायला दोन्ही पत्रे सारखेच चकचकीत असतात.

मुलामा चांगला असला तरी तो जपावा लागतो. कातरीने किंवा रोल मशीनवर कापलेल्या कडेला फारसं भय नाही, कारण शेजारचं जस्त स्वतः झिजून उघड्या लोखंडाला वाचवतं. साइटवर ग्राइंडरने कापलं की मात्र कडेचा मुलामा जळतो आणि उडालेल्या ठिणग्या आजूबाजूला चिकटून तिथे गंजाचे ठिपके धरतात. वेल्डिंगनेही तेच होतं. वेल्ड केलाच असेल तर त्यावर जस्तयुक्त रंग लावलेला हवा, नुसता चंदेरी रंग चालणार नाही. तांब्याची पाइपलाइन या सांगाड्याला थेट टेकू देऊ नका, मध्ये रबर किंवा प्लास्टिकची बुशी हवी. सगळ्यात आधी सडतो तो तळाचा ट्रॅक, म्हणजे उभ्या पट्ट्या ज्या आडव्या पन्हळीत बसतात ती पन्हळ. तिचा आकारच पाणी साठवणारा. तिच्याखाली ओल अडवणारी पट्टी आहे का, आणि बाहेरची जमीन तिच्यापेक्षा खाली आहे का, हे मी गुडघ्यावर बसून बघतो.

पोलादाची दुसरी खोड अशी की ते उष्णता पटकन वाहून नेतं. रॉकवूलच्या, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीच्या, तुलनेत हजारपटीहून जास्त. भिंतीत पट्ट्यांच्या मध्ये कितीही लोकर भरा, पट्टी ही उष्णतेची आयती वाट असते. थंडीत त्या रेषांवर आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन बसते आणि वर्ष-दोन वर्षांत भिंतीवर उभे काळपट पट्टे उमटतात. उपाय एकच, सांगाड्याच्या बाहेरून इन्सुलेशनचा सलग थर. तो आराखड्यात नसेल तर आधीच मागून घ्या, नंतर लावायचा म्हणजे बाहेरची सगळी बाजू उतरवावी लागते.

सँडविच पॅनलमध्ये दोन रंगीत पत्र्यांच्या मध्ये काय भरलंय यावर सगळं आहे. पफ उष्णता अडवण्यात सर्वात पुढे. त्याची वाहकता ०.०२२ ते ०.०२५, थर्माकोल आणि रॉकवूलची ०.०३५ ते ०.०४०. तेवढ्याच परिणामासाठी थर्माकोल किंवा रॉकवूलची जाडी जवळजवळ दीडपट लागते. पण आगीचा विचार केला की क्रम उलटतो. थर्माकोल १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, पफ जळतं आणि विषारी धूर सोडतं, रॉकवूल जळत नाही. स्वयंपाकघराची भिंत, बाहेर पडायच्या वाटेची भिंत आणि दोन घरांमधली भिंत मी रॉकवूलचीच घ्यायला सांगतो, मग ती जड होवो की महाग. पॅनलवाला 'फायर रिटार्डंट' म्हणत असेल तर ते एवढंच सांगतं की आग धरायला वेळ लागतो. भिंत किती मिनिटं तग धरते याचा चाचणी अहवाल वेगळा असतो, तो सांध्यासकट केलेल्या चाचणीचा मागा.

पॅनलच्या सांध्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेक घरं गळतात. लोखंडी पत्रा दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन वाढतो. सहा मीटर लांबीच्या पॅनलचा बाहेरचा पत्रा उन्हात रात्रीपेक्षा ४० अंशांनी तापला तर तो जवळपास ३ मिलिमीटर लांबतो, आणि रात्री परत आक्रसतो. हे रोज चालतं. गडद रंगाचं पॅनल आणखी तापतं. अशा जागी कडक फिलर भरला तर पहिल्याच उन्हाळ्यात तो सुटतो. सीलंट लवचिक हवं, आणि ते फक्त दोन बाजूंना चिकटलेलं हवं. तळाशी फोमची दोरी घालून मग सीलंट भरलं तर ते रबरासारखं ताणतं. तळालाही चिकटलं तर फाटतं. आणखी एक, ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते जस्ताच्या पत्र्यावर वापरू नका. त्यातून निघणारं आम्ल जस्त खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेली ट्यूब घ्या. साइटवर गेल्यावर रिकाम्या ट्यूब कचऱ्यात पडलेल्या असतात, त्या उचलून वाचा. मी वाचतो.

तरीसुद्धा छताचं पाणी सीलंटच्या भरवशावर सोडू नये. वरचा पत्रा खालच्यावर चढलेला असावा, फ्लॅशिंग (सांध्यावरून पाणी वळवणारी पत्र्याची पट्टी) मुडपून भिंतीवर उतरलेलं असावं, उतार असा असावा की पाणी थांबायलाच नको. सीलंट हे त्यानंतरचं. सीलंटचा थर जाड दिसला की मी समजतो, घडीचं काम चुकलंय आणि ते झाकलंय.

बोर्डांचं लवकर आटपतो. बाहेरून फायबर सिमेंट चांगलं, मात्र कापलेल्या कडा रंगवून बंद केलेल्या हव्यात. जिप्सम आत कोरड्या जागी उत्तम. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या बोर्डाबद्दल सावध राहा: डेन्मार्कमध्ये २०१० नंतर अनेक इमारतींना बाहेरून हे बोर्ड लावले गेले आणि दमट हवेत त्यांतून खारट पाणी पाझरायला लागलं, कारण त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली वाफ ओढून घेतं. त्या पाण्याने स्क्रू आणि पोलाद गंजलं, आणि बोर्ड काढून टाकावे लागले. प्लाय, एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड आतून वापरणार असतील तर फॉर्माल्डिहाइडची, म्हणजे बोर्डातल्या गोंदातून सुटणाऱ्या वायूची, श्रेणी विचारा. ई १ पेक्षा जास्त वायू सोडणारं घेऊ नका. छोटं, घट्ट बंद घर असतं तेव्हा हा वायू साठतो. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळानंतर बेघरांना जी फिरती घरं दिली, त्यांत राहणाऱ्यांना डोळ्यांची जळजळ आणि श्वासाचा त्रास झाला, आणि तपासात फॉर्माल्डिहाइड भरपूर सापडलं.

कंटेनरचं मी तुम्हाला सुचवणार नाही. कंटेनर मजबूत असतो तो चार कोपऱ्यांच्या खांबांवर आणि न कापलेल्या नागमोडी भिंतींवर. मोठी खिडकी काढली की भिंतीचा ताठपणा जातो आणि भोवती चौकट घालून तो परत आणावा लागतो. रुंदी २.४४ मीटर बाहेरून, त्यातून दोन्हीकडचं इन्सुलेशन वजा करा; साध्या कंटेनरची आतली उंची सुमारे २.३९ मीटर, त्यातूनही छताचं आणि जमिनीचं वजा करा. उरते ती बोळासारखी खोली. जुन्या कंटेनरच्या २८ मिलिमीटर प्लायच्या तळाला बहुधा कीटकनाशक पाजलेलं असतं, आणि आधी त्यातून कोणता माल गेला ते कुणी सांगू शकत नाही. लहान मूल त्या जमिनीवर रांगणार असेल तर तो तळ उखडून टाका. हे सगळं केल्यावर स्वस्तपणा कुठे उरतो?

आता साइटवरची गोष्ट. कारखान्यात मॉड्यूल दोन-तीन मिलिमीटरच्या आत अचूक बनतं. पाया मात्र मातीत, पावसात, माणसांच्या हाताने होतो, तिथे दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. एका घराच्या वेळी एक पेडेस्टल, म्हणजे मॉड्यूल ज्यावर टेकतं तो पायाचा ठोकळा, १८ मिलिमीटर खाली गेलेलं होतं. क्रेन भाड्याने आणलेली, संध्याकाळ होत आलेली, ठेकेदाराने मॉड्यूल तसंच टेकवलं. ते तीन कोपऱ्यांवर बसलं. आठवड्याभरात बाथरूमचं दार चौकटीला घासायला लागलं, आणि पहिल्या पावसात दोन मॉड्यूलमधल्या छताच्या रेषेतून पाणी आलं. उत्पादक म्हणाला पाया आमचा नाही, पायावाला म्हणाला मॉड्यूल वाकडं आलं. मी त्या दिवशी साइटवर होतो आणि क्रेन थांबवली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर मी नियम केला: क्रेन बोलावण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या पेडेस्टलची लेव्हल घ्यायची, दोन्ही कर्ण मोजायचे, आणि कागदावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. तुम्हीही एवढं कराच.

मॉड्यूल ट्रकवरून आलं की उतरवण्याआधी दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांत बघा. तिथून तिरका तडा गेला असेल तर प्रवासात सांगाडा पिळला गेलाय. त्यावर पुट्टी मारू देण्याआधी आतला स्क्रू सुटलाय का हे उघडून दाखवायला सांगा.

हलकं घर वाऱ्यात उचललं जाऊ शकतं, हे लोक विसरतात. छतापासून पायापर्यंत बोल्ट आणि पट्ट्यांची अखंड साखळी हवी, मध्ये एकही कडी फक्त वजनावर टेकलेली नको. आणि दोन मॉड्यूलच्या दुहेरी भिंतीत जी पोकळी राहते ती आगीच्या वेळी धुराडं बनते. त्या पोकळीत ठरावीक अंतरावर रॉकवूलचे अडसर भरले आहेत का, ते झाकण्याआधी फोटो काढून मागा. हे नंतर बघता येत नाही, म्हणून यात कुचराई सर्वात जास्त होते.

राहिलं पन्नास वर्षांचं वचन. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये दीड लाखाहून जास्त प्रीफॅब घरं उभी राहिली, तात्पुरती म्हणून, दहाएक वर्षं चालतील या हिशोबाने. त्यांतल्या काहींत लोक पुढची कित्येक दशकं आनंदाने राहिले. उलट टोकियोतली नाकागिन कॅप्सूल टॉवर १९७२ मध्ये १४० कॅप्सूल बोल्टने लावून बांधली. कॅप्सूल २५ वर्षांनी बदलायच्या असा बेत होता. पण खालची कॅप्सूल काढायला वरच्या हलवाव्या लागत, एकही बदलली गेली नाही, आणि २०२२ मध्ये ती पाडली. म्हणून उत्पादकाला वर्षं विचारण्यापेक्षा हे विचारा: बाथरूमच्या भिंतीतली पाइप गळली तर कुठलं पॅनल काढायचं, ते कुठल्या बाजूने निघतं, आणि परत बसवल्यावर सांधा पहिल्यासारखा कसा होतो?

तुमच्या तीन पर्यायांत, मला दिसतंय त्यावरून, दुसरा घ्या, म्हणजे पोलादी सांगाडा आणि फायबर सिमेंट. झेड २७५ आणि बाहेरून सलग इन्सुलेशन लेखी मिळत असेल तर. पहिल्या माणसाने रॉकवूल पॅनल द्यायची तयारी दाखवली तर तोही चालेल. दोघांकडून तीन जागांचे मोठ्या मापातले आराखडे मागवा: भिंत आणि छत, भिंत आणि पाया, दोन मॉड्यूलमधली रेषा. त्यांचे फोटो इथे टाका, मी बघून सांगतो.