एक्क्यांची जोडी आणि फुकटचे पान

प्रश्न : टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात माझ्या हातात दोन काळे एक्के होते. टेबलावर उघडलेल्या, सर्वांच्या सामायिक अशा पहिल्या तीन पानांत बदामाचा गुलाम, बदामाची दश्शी आणि चौकटची चौकी आली. मी सावधगिरीने चेक केले (म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे दिली), मुरलेल्या प्रतिस्पर्ध्यानेही केले, आणि पुढच्याच बदामावर त्याचा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) जुळला. माझे काय चुकले?

उत्तर : चेक करणेच चुकले; त्यामुळे त्याला पुढचे पान फुकट मिळाले. हातातले दोन आणि टेबलावरचे दोन असे चार बदाम जमलेल्या खेळाडूला पुढच्या एका पानावर फ्लश लागण्याची शक्यता सुमारे १९ टक्के असते. तुम्ही पॉटच्या (मधे जमलेल्या पैशांच्या) दोन-तृतीयांश रक्कम लावली असती, तर निव्वळ पॉटच्या हिशेबाने तेवढेच पैसे भरून पुढचे पान पाहणे परवडायला त्याला सुमारे २९ टक्के संधी हवी होती. तिसरा बदाम पडल्यावर त्याने मोठी रक्कम लावली, तर एक्क्यांचा मोह (तो सुटत नाही, हे मान्य!) आवरून बहुधा पाने टाकावीत, मात्र एक एक्का बदामाचा असता, तर सर्वांत मोठा फ्लश त्याच्याकडे असणे शक्यच नव्हते.