टेनिस एल्बो: इंजेक्शन घ्यावं की व्यायाम करावेत?

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांपासून उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखतेय. आराम केला की बरं वाटतं, कामाला लागलं की पुन्हा तेच. आता डॉक्टर स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवतायत आणि तुम्हाला फिजिओथेरपीने फरक पडेल का हे हवंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे हात रोज बघते. माझं मत सांगते: इंजेक्शनची घाई करू नका, व्यायामाला निदान तीन महिने द्या.

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे कंडरेने (टेंडनने) जोडलेले असतात, तिथे टेनिस एल्बोचं हे दुखणं असतं. कुठलीही वस्तू घट्ट धरताना मनगट स्थिर ठेवायचं काम याच स्नायूंचं. म्हणून कोपर दुखतं, पण कळ येते ती भरलेला कप उचलताना, पिळा देताना, दाराची मूठ फिरवताना. ज्यांनी कधी रॅकेट हातात धरली नाही अशांनाच हे जास्त होतं, बहुतेक पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान.

दुखणं जुनं झालं की त्यात सूज फारशी उरत नाही. कंडरेच्या तंतूंची घडी विस्कटलेली असते आणि तिची ताकद कमी झालेली असते. वेदनाशामक गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आणि नुसत्या आरामाने कंडरा आणखी कमकुवत होते, मग तेच जुनं काम तिला पेलवत नाही. तुमचं नेमकं हेच होतंय. तिला भार हवा, पण मोजून आणि हळूहळू वाढवलेला.

इंजेक्शनबद्दल एवढ्या ठामपणे बोलते त्याला आधार आहे. 2006 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात इंजेक्शन, फिजिओथेरपी आणि ‘थांबा व वाट पाहा’ अशा तीन गटांची तुलना होती. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यात पुढे होते. पण त्यांच्यातल्या अनेकांचं दुखणं उलटलं आणि वर्षभराने तेच सगळ्यात मागे पडले. काहीही न करणारेही वर्षभरात बऱ्याच अंशी बरे झाले होते, हेही सांगायला हवं. फिजिओथेरपीचा फायदा असा की मधला काळ सुसह्य होतो आणि हात कामाचा राहतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं. सुरुवात न हलणाऱ्या व्यायामाने करा. हात टेबलावर ठेवा, तळहात खाली, पंजा टेबलाच्या कडेबाहेर. दुसऱ्या हाताने पंजाच्या पाठीवर दाब द्या आणि मनगट जागचं हलू देऊ नका. 30 ते 45 सेकंद धरा, मग मिनिटभर विसावा, असं चार-पाच वेळा. हे सोसायला लागलं की त्याच स्थितीत अर्धा किलोचं डंबेल घ्या. दुसऱ्या हाताच्या मदतीने वर न्या आणि दुखऱ्या हाताने एकट्याने खाली सोडा, चार सेकंद मोजत. इथेच बहुतेक जण चुकतात. वजन उचलायला कष्ट पडतात म्हणून लक्ष उचलण्याकडे, आणि खाली येताना मनगट धपकन पडतं. खरा व्यायाम त्या खाली येण्यातच आहे. दहा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सहज जमायला लागलं की थोडं वजन वाढवा.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी तीन-चारपर्यंतची वेदना चालते, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती पूर्ववत झाली पाहिजे. नाही झाली तर वजन किंवा फेऱ्या कमी करा, व्यायाम बंद करू नका. खांद्याचे आणि पाठीच्या वरच्या भागाचे व्यायामही जोडीला हवेत. खांदा ढिला असला की सगळा ताण खाली हातावर येतो.

कोपराला आधाराचा पट्टा लावत असाल तर तो दुखऱ्या हाडावर नको. कोपराच्या दोन बोटं खाली, स्नायूच्या फुगीर भागावर बांधा. कामापुरता वापरा, झोपताना काढा.

रोजच्या सवयींत एक बदल आजपासूनच करा: वजन उचलताना तळहात वरच्या बाजूला आणि वस्तू अंगाजवळ ठेवा. हात लांब करून, पालथ्या पंजाने पिशवी उचलणं हा या कंडरेवरचा सगळ्यात वाईट ताण. माऊस जवळ घ्या, मनगट वर वाकलेलं राहणार नाही इतकी खुर्ची उंच करा. स्क्रू पिळणं, रंगकाम, बागकाम असलं काम एका दमात उरकू नका, मधे मधे हात बदला. रॅकेटचे खेळ खेळत असाल तर बॅकहँड नुसत्या मनगटाने न मारता खांद्यातून मारायला शिका.

बोटांना मुंग्या येत असतील, मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल किंवा पकड अचानक सुटत असेल, तर मान आणि नसा आधी तपासून घ्या. त्याचे उपचार वेगळे.

आणि दुखणं थांबल्यावरही डंबेलचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, आणखी काही महिने चालू ठेवा. वेदना आधी जाते, कंडरेची ताकद बऱ्याच उशिरा भरून येते.