आठ हजारांच्या चायना चेनसॉने चिंचेच्या फळ्या निघतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोहोळकडच्या शेतात वादळात चिंच आडवी झाली, बांधावर वाळलेल्या बाभळीही आहेत. ऑनलाइन मिळणारी आठ हजारांची ५८ सीसीची चेनसॉ घेऊन घरीच फळ्या पाडाव्यात का, आणि मशीनमध्ये काय काय बदलून घ्यावं?

फळ्या निघतील, पण व्हिडिओत दिसतात तेवढ्या झटपट नाहीत. मी सोलापुरात फवारणीचे पंप, ग्रास कटर आणि चेनसॉ दुरुस्त करतो. या स्वस्त मशिनी माझ्याकडे येतात त्या बहुतेक पिस्टन जाम होऊन. त्यात दोष चायना मालाचा थोडा आणि पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणाचा फार असतो.

आधी काम काय आहे ते बघा. फांदी तोडताना मशीन अर्धा मिनिट जोर लावतं आणि मग सुटतं. फळी पाडताना बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी, ओंडक्यावर आडवा असतो आणि तुम्ही लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुढे सरकता, म्हणजे प्रत्येक दात रेषांची टोकं खरवडत जातो. लाकूड कापायची ही सगळ्यात जड तऱ्हा. फुल रेस सलग कितीतरी मिनिटं, वर आपल्याकडचं एप्रिल-मेचं ४२ अंश. त्यामुळे ताकद वाढवायच्या मागे लागू नका. सायलेन्सर कापून मोठा कर, मोठा कार्बोरेटर बसव, असले सल्ले सोडून द्या. आहे ते इंजीन थंड कसं राहील एवढंच बघायचं.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो चेनने. सोबत येणारी चेन आडवं तोडण्यासाठी असते, तिच्या दाताचा कोन ३० अंशांच्या आसपास असतो. उभं चिरायला तो १० अंश लागतो. तयार रिपिंग चेन, म्हणजे उभं चिरायची, मिळाली तर उत्तम, नाहीतर हीच चेन कानशीने हळूहळू त्या कोनावर आणा. २२ इंची बारवर बहुतेक ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर) चेन असते, तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. दातापुढचा छोटा उंचवटा दातापेक्षा साधारण ०.६ मिलिमीटर खाली ठेवा. घाईत तो जास्त घासला की चेन लाकडात अडकते आणि मशीन दम टाकतं. बाभळीत तर टाकी भरायला थांबलात की प्रत्येक वेळी कानस फिरवायचीच. आणि बांधावरच्या बाभळीत तारेचे खिळे निघणार हे धरून चला. साल काढून नीट बघा, एक खिळा सगळी धार घालवतो.

दुसरं, हवेची गळती. स्वस्त मशीनमध्ये कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी बूट, क्रँकचे ऑइल सील आणि पेट्रोलची नळी या तीन गोष्टी कच्च्या असतात. रेस सोडल्यावर इंजीन लगेच खाली येत नसेल, आयडल वरखाली होत असेल, तर कुठूनतरी हवा ओढतंय असं समजा आणि फळी पाडायला घेऊच नका. हे तीन भाग आणि पिस्टन पिनच्या सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या बारीक कड्या) चांगल्या घालून घ्या. जुनी सर्क्लिप तुटून सिलिंडरमध्ये गेली की मशीनच संपलं. प्लग नावाजलेल्या कंपनीचा घ्या. खर्च करायचा तो इथे.

तिसरं, मिश्रण. मी लिटरला २५ मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑइल घालायला सांगतो, म्हणजे ४०:१. कार्बोरेटरचा हाय स्क्रू, म्हणजे फुल रेसचं पेट्रोल कमी-जास्त करणारा, असा लावा की रिकाम्या फुल रेसला आवाज थोडा फाटका, गुरगुरता यावा आणि लाकडात शिरल्यावर तो साफ व्हावा. रिकाम्या रेसला आवाज तीक्ष्ण, किंचाळल्यासारखा येत असेल तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, पिस्टन जाणार. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, पेट्रोल मिळतं. त्यामुळे हे मिश्रण आणखी पातळ पडतं, म्हणून स्क्रू थोडा जास्तच उघडा लागतो. शिवाय ते पाणी धरतं आणि हलक्या नळ्या खातं. आपला जिल्हा इथेनॉल बनवणाऱ्या साखर कारखान्यांचा, तक्रार कुणाकडे करणार! काम संपलं की टाकी रिकामी करून इंजीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

बारचं ऑइल ही चौथी गोष्ट. मशीनचा पंप लांब बारच्या टोकापर्यंत पुरेसं ऑइल पोचवत नाही. फळी पाडायच्या फ्रेमवर (तिच्याबद्दल पुढे सांगतो) एक बाटली बांधा आणि ठिबकची बारीक नळी, छोटा कॉक लावून बारच्या टोकाजवळ थेंब पडू द्या. डाळिंबवाल्यांकडे हे सामान पडलेलंच असतं. गाडीचं काढलेलं काळं ऑइल मात्र नको, त्यातली घाण पंप खाते आणि भुशाबरोबर तुमच्या नाकात जाते.

फळीची जाडी धरणारी फ्रेम ऑनलाइन मिळते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे भाग करणारे फॅब्रिकेटरही बॉक्स पाइपची करून देतील. पहिल्या कापाला ओंडक्यावर सरळ शिडी किंवा दोन चॅनेल ठोकून घ्या, पुढच्या सगळ्या फळ्या त्या पहिल्या सपाट कापावरच सरळ येतात. फ्रेम बारची चारेक इंच लांबी खाते हे विसरू नका.

आता चिंच. ५८ सीसीवर मी १२-१४ इंचांपेक्षा रुंद काप घेणार नाही. बाभळीला तेवढं पुरतं, चिंचेच्या बुंध्याला नाही. लाकूड खरंच भरपूर असेल तर स्टिल (Stihl) या जर्मन कंपनीच्या ०६६ किंवा एमएस ६६० मॉडेलच्या घडणीवर बनलेली ९२ सीसीची नक्कल घ्या. तिचे भाग मूळ मशीनच्या मापाचे असल्याने सुटे भाग चांगले मिळतात. एकाच चिंचेसाठी एवढा खर्च मात्र परवडत नाही. बुंधा ट्रॉलीत चढत असेल तर सरळ वखारीत न्या. तिथली पट्टा करवत दोन-तीन मिलिमीटर लाकूड खाते, चेनसॉ आठ-नऊ. एक इंची फळ्या पाडल्यात तर चौथा हिस्सा भुशात जातो. म्हणून चेनसॉने दोन-अडीच इंची जाड फळ्याच काढा, बारीक चिराई वखारीत करून घ्या. चिंच महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहे. हलवण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा आणि वन खात्याकडून परवानगी घ्या, वखारवालाही कागद विचारेल.

गॉगल, कानात बोळे, मास्क, बूट हे हवेच. गळ्यातलं उपरणं काढून ठेवा. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. काम सकाळी दहाच्या आत आटपा.

फळ्यांच्या दोन्ही टोकांना त्याच दिवशी जाड ऑइलपेंट लावा आणि मध्ये पट्ट्या घालून सावलीत थर रचा. आपल्या कोरड्या उन्हात टोकं उकलायला वेळ लागत नाही. बुंध्याचा घेर आणि सरळ भागाची लांबी कळवा, म्हणजे बार किती इंची लागेल ते सांगतो.