वैष्णोदेवीचे नाणे किराणा दुकानात, निजामाचे रुपये काट्यावर

अंबाजोगाईच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. सासऱ्यांच्या पेटीत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे चारमिनार छापाचे २२ रुपये, ९ कलदार म्हणजे इंग्रज सरकारचे रुपये आणि डबाभर अलीकडची चिल्लर निघाली. चिल्लरीत वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे आहे. त्याचे ११ लाख देतो म्हणून एकाचे सारखे फोन येतात, पण आधी नोंदणी आणि जीएसटीचे १५,५०० रुपये भरा म्हणतो. लेकीच्या फीसाठी ठेवलेली दीड लाखाची एफडी मोडून ते भरावेत आणि उरलेल्या पैशांत अशीच आणखी नाणी घेऊन ठेवावीत का, असे त्या विचारतात.

ताई, एक रुपयाही भरू नका. माल घेणारा पैसे देतो, मागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी-नोटा विकून देण्यासाठी फी, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांबद्दल खुद्द बँकेनेच ४ ऑगस्ट २०२१ रोजी लोकांना सावध केले होते. १५,५०० गेले की पुढे पार्सलचा विमा, मग आयकर, असे हप्ते सुरू होतात. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. काही भरून बसला असाल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

ते नाणे २०१२ चे, वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाचे. पाच आणि दहा अशी दोन्ही नाणी चलनासाठीच काढली होती. लातूरच्या गंजगोलाईत एखाद्या दुकानदाराचा गल्ला उपसला तरी सापडेल. त्याची किंमत पाच रुपये. देवीचे म्हणून देव्हाऱ्यात ठेवायचे असेल तर तो वेगळा भाग.

बाकीच्या चिल्लरीत सालाखालची खूण बघा. पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. ‘चांदणी दिसली की दुर्मीळ’ ही निव्वळ अफवा आहे. खूण फक्त टांकसाळ सांगते. कोणत्या साली त्या टांकसाळीने किती कमी नाणी पाडली आणि तुमचे नाणे किती कोरे राहिले, यावर किंमत ठरते. खिशात फिरून गुळगुळीत झालेल्या नाण्याला संग्राहक सहसा हात लावत नाही. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, पण बंद झाली म्हणून ती दुर्मीळ होत नाहीत. ५० पैसे अजून चालतात, दुकानदार काहीही म्हणो.

तुमच्या पेटीतला खरा माल चारमिनारचा. निजामाचा हा रुपया, म्हणजे हाली रुपया, साधारण ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात ८१.८ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१ ग्रॅम. बावीस नाण्यांची झाली जवळपास २०० ग्रॅम. शेवटच्या वर्षांतल्या रुपयांत चांदी घटवली होती, म्हणून साल वाचा. फारसी आकड्यांत टिंब म्हणजे शून्य, ‘व्ही’सारखी खूण म्हणजे सात आणि तीच उलटी म्हणजे आठ. साल हिजरी आहे. १३३५ म्हणजे इसवी सन १९१६-१७. मग भिंगातून चारमिनारची कमान बघा. तिथे मीम (م) हे फारसी अक्षर असेल तर नाणे सहावे निजाम महबूब अली खानांचे, ऐन (ع) असेल तर सातवे निजाम उस्मान अली खानांचे. १३२९ च्या काही नाण्यांत हा ऐन अर्धवट आहे, पुढे तो पूर्ण झाला. असे नाणे निघाले तर ते वेगळे काढा.

कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या नाण्यात ९१.७ टक्के चांदी, १९४० ते ४५ च्या नाण्यात निम्मीच. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. १९३९ चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, म्हणूनच त्याच्या नकला भरपूर. शेवटच्या नवाभोवती खरवडल्याच्या रेघा, कडेवर सांध्याची रेष किंवा पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसले तर शंका घ्या. झिजेने वजन थोडे घटते; पण ग्रॅमभर कमी भरले तर नाणे बहुधा नकली.

चिंच, राख, टूथपेस्ट काहीही लावू नका. घासलेले नाणे चकाकते खरे, पण संग्राहकाच्या लेखी ते मोडीत जमा होते. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. बटर पेपरमध्ये सुटे सुटे गुंडाळा.

सराफ मोडीच्या भावाने घेईल, त्यातही घट धरील. तो भाव तुमचा तळ समजा. त्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढून पुण्या-मुंबईतल्या दोन लिलावगृहांना दाखवा. शंभर वर्षांवरची नाणी कायद्याने पुरावस्तू ठरतात. ती परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. तो मागून बघा.

आता एफडी. नाण्यांना व्याज नाही आणि हवा तेव्हा गिऱ्हाईकही मिळत नाही, तेव्हा फीच्या पैशांतून नाणी घेणे मला अजिबात मान्य नाही. एफडी मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळते, वर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. फीची तारीख मुदतीआधी आलीच, तर एफडीवर कर्ज काढा. दर सहसा एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. मात्र हे आधी शाखेत विचारून घ्या, आणि एफडी जोडीच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या लागतील.