“भुलीत बीपी वाढलं तर मी सांगणार कुणाला?”

पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलेल्या एक काकू फिटनेसच्या तपासणीनंतर माझ्यासमोर येऊन बसल्या. वय ५८. घरी बीपी १३०/८० च्या आसपास, इथे मात्र १६८/९६ निघालं होतं. “ताई, जागेपणी नुसत्या भीतीनं एवढं चढतं. भुलीत वाढलं तर मला कळणार कसं? मी सांगणार कुणाला?”

हा प्रश्न मी वारंवार ऐकते. त्यावर नुसतं ‘घाबरू नका’ म्हणणं मला पटत नाही, कारण भीतीनं अ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि बीपी खरोखरच चढतं.

भूलतज्ज्ञांकडून समजून घेतलेलं मी त्यांना सांगितलं. माणूस झोपला तरी शरीराला इजा कळते. चीर पडली की अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढू लागतात. शिरेतून भुलीचं औषध गेलं की बीपी सहसा आधी खाली येतं, घशात श्वासाची नळी घालताना उसळी मारतं, दुर्बिणीला जागा व्हावी म्हणून पोटात गॅस भरल्यावर पुन्हा चढू शकतं. म्हणूनच झोपेच्या औषधाच्या जोडीला फेंटानिलसारखं जबर वेदनाशामक देतात. त्यानं ही उसळी बरीच दबते. दर ५ मिनिटांनी तरी बीपी मोजलं जातं. घसरलं तर सलाइन आणि औषध, चढलं तर भूल वाढवायची. “तुम्ही काही सांगायचंच नाही, काकू. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत तुमच्या उशाशी असतात.” कॉर्टिसॉल ऑपरेशननंतरही काही तास चढलेलं राहतं, त्यामुळे वॉर्डात सिस्टर सारखं बीपी बघायला आल्या तर दचकू नका, हेही सांगितलं.

काकूंचा चेहरा सैलावला. उठता उठता म्हणाल्या, “त्या दिवशी उपाशी राहायचंय, म्हणजे बीपीच्या गोळ्याही बंदच ना?”

मी त्यांना पुन्हा बसवलं. हा समज मला भीतीपेक्षा जास्त काळजीचा वाटतो. कुठली गोळी घ्यायची, कुठली थांबवायची हे औषधागणिक आणि माणसागणिक बदलतं, आणि ते ठरवणं माझं काम नाही. त्यांना घेऊन मी परत भूलतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी अ‍ॅम्लोडिपिन सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितली. टेल्मिसार्टन आदल्या दिवसापासून बंद, कारण तिच्यामुळे भुलीत बीपी फार खाली जाऊ शकतं.

काकूंनी पिशवीतून दोन्ही पाकिटं काढली, माझं पेन मागून घेतलं आणि एकावर ‘सकाळी’, दुसऱ्यावर ‘नको’ असं ठळक लिहिलं.