अर्थ कळला, पण ‘द’ सुटला

प्रश्न : काकू, सादर नमस्कार. मी २७ वर्षांची. घर दांडिया बाजारात, शाळा गुजराती माध्यमाची, घरात मराठी. परदेशी शिकायला, राहायला जाण्यासाठी द्यायची पीटीई ही संगणकावरची इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा लिसनिंगमध्ये थोडक्यासाठी राहिले. सगळ्यात जास्त मार खाते ते ‘राइट फ्रॉम डिक्टेशन’मध्ये, म्हणजे ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायच्या प्रश्नात. गंमत म्हणजे वाक्य मला पूर्ण समजतं, तरी गुण जातात. क्लासमध्ये म्हणाले, “कान कच्चा आहे, रोज इंग्रजी ऐक.” चार महिने ऐकते आहे, फरक पडत नाही. घरी लिहिलेली वीस वाक्यं आणि त्यांची मूळ वाक्यं सोबत पाठवते आहे. माझं कुठे चुकतं?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : तू वाक्यं पाठवलीस हे फार बरं केलंस. नुसतं “ऐकू येत नाही” असं लिहिलं असतंस, तर मीही तुला “रोज ऐक” एवढंच सांगितलं असतं. तुझी वीसही वाक्यं मी लाल पेन घेऊन तपासली. तुझा कान कच्चा नाही. तुझ्या पानावरचं हे एक वाक्य बघ.

मूळ वाक्य : ‘द लायब्ररीज विल बी क्लोज्ड फॉर द फर्स्ट टू वीक्स ऑफ द टर्म.’
तू लिहिलंस : ‘लायब्ररी विल बी क्लोज फॉर फर्स्ट टू वीक ऑफ टर्म.’

कोण बंद, किती दिवस, कधी, सगळं तुला कळलं. पण या परीक्षेत गुण अर्थाला नसतात, बरोबर स्पेलिंगसह लिहिलेल्या एकेका शब्दाला असतात. मूळ वाक्यात १३ शब्द आहेत, त्यातले तुझे ७ जमले. तीन वेळा ‘द’ गेला आणि तीन शब्दांच्या शेपट्या गेल्या. शिवाय या प्रश्नाचे गुण लिसनिंग आणि रायटिंग दोन्हीकडे धरले जातात, म्हणजे ही गळती दोन्हीकडे लागते.

बाकीच्या वाक्यांतही हेच दिसतं. अवघड शब्द तू सुरेख लिहिले आहेस. ‘एन्व्हायर्न्मेंट’मधला मधला एन तू सोडला नाहीस, ‘अकॉमोडेशन’ला दोन सी आणि दोन एम दिलेस. सुटतात ते ‘द’, ‘अ’, शेवटचा ‘एस’ आणि शेवटचा ‘ईडी’.

असं का होतं? आपल्या मराठीत ‘द’सारखा शब्द नाही, गुजरातीतही नाही. वाक्य कानात शिरलं की मन त्याचा अर्थ काढतं, मूळ शब्द सोडून देतं, आणि लिहिताना तोच अर्थ आपल्या सवयीच्या इंग्रजीत परत मांडतं. आणि आपलं सवयीचं इंग्रजी शेपट्या कापलेलं असतं. आपण ‘मी रिटायर झाले’ म्हणतो, ‘रिटायर्ड’ नाही. गाडीवर ‘फ्राय राईस’ मागतो. मराठी बोलताना यात काहीच वावगं नाही, ते शब्द आता आपलेच झाले आहेत. पण डिक्टेशनला बसलं की हीच सवय ‘क्लोज्ड’चं ‘क्लोज’ करते.

मी हे इतक्या खात्रीनं सांगते, कारण माझा जन्म डिक्टेशन घेण्यात गेला. १९७८ साली रावपुऱ्यात एका माडीवरच्या क्लासमध्ये मी पिटमनचं शॉर्टहँड, म्हणजे बोलणं भरभर टिपायची लघुलिपी, शिकले आणि पुढे मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टेनो होते. पिटमनमध्ये स्पेलिंग नाही, आवाज लिहितात. ‘प’ची रेघ बारीक, ‘ब’ची तीच रेघ जाड. ‘अ’ म्हणजे ओळीच्या वर एक टिंब आणि ‘द’ म्हणजे ओळीवर तेच टिंब. टिंब सुटलं तर सर पान परत करायचे, मग बाकी सगळं बिनचूक असलं तरी. तेव्हा मला ते अतिरेकी वाटायचं. पण सहा महिन्यांत माझा कान ‘द’ची वाट बघायला लागला. तुला नेमकं हेच हवं आहे. चार महिने तू ऐकलंस ते अर्थासाठी. अर्थ तर तुला आधीच कळत होता, म्हणून फरक पडला नाही.

आता काय करायचं ते सांगते. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम घे. साधारण सहा मिनिटांचा असतो आणि बोललेलं सगळं लेखी मिळतं. त्यातली दहाच वाक्यं रोज घे. एक वाक्य एकदाच लाव आणि फोन उलटा ठेव. आमच्या वेळी रेडिओ होता. आकाशवाणीच्या रात्री नऊच्या इंग्रजी बातम्यांवर मी सराव करायची, आणि निवेदक माझ्यासाठी थांबत नसे. फोनवर मागे जायची सोय आहे, पण परीक्षेत वाक्य एकदाच ऐकू येतं, तेव्हा लिहून होईपर्यंत मागे जायचं नाही.

वाक्य संपलं की लगेच लिहू नकोस. आधी ते ओठातल्या ओठांत जसंच्या तसं म्हण, त्याच चालीत, त्याच जोडून केलेल्या उच्चारांसकट. मग लिही. तोंडानं धरलेलं वाक्य टिकतं, नुसतं डोक्यात धरलेलं वितळून अर्थ होतं. इंग्रजी माणूस शब्द सुटे बोलत नाही. ‘पिक इट अप’चं ‘पिकिटप’ होतं, ‘अँड’चा नुसता ‘न’ उरतो. आपण तरी काय करतो? ‘करायचं आहे’ लिहितो आणि ‘करायचंय’ म्हणतो. ते ‘य’ ऐकून आपल्याला ‘आहे’ कळतं ना, तसंच त्या ‘न’मधून ‘अँड’ कळायला लागतं.

लिहून झालं की मूळ वाक्य बघायच्या आधी एकदा तपास. ‘टू’ आहे, मग पुढे ‘वीक’ कसं? ‘विल बी’ आहे, मग ‘क्लोज’ कसं? निम्म्या शेपट्या इथेच परत मिळतात, कान न वापरता, नुसत्या व्याकरणानं. परीक्षेतही हे करता येतं, कारण हा प्रश्न लिसनिंगच्या अगदी शेवटी येतो. मात्र वेळ राखून ठेवला पाहिजे. त्याच्या आधीच्या प्रश्नांत रेंगाळू नकोस.

चुकांसाठी वही कर. एका रकान्यात सुटलेले छोटे शब्द, दुसऱ्यात सुटलेल्या शेपट्या, तिसऱ्यात स्पेलिंग. पंधरा दिवसांनी कुठला रकाना लांब झाला ते बघ आणि पुढचे पंधरा दिवस फक्त त्याच्या मागे लाग. वाक्यांची लांबी एकदम वाढवू नकोस. आम्ही मिनिटाला ६० शब्द बिनचूक आल्याशिवाय ८० ला हात लावत नसू. तूही सात-आठ शब्दांची वाक्यं आधी स्वच्छ कर.

आणि एक. पीटीईच्या खोलीत शेजारचे उमेदवार मोठ्यानं बोलत असतात, कारण त्यांचा बोलण्याचा भाग चालू असतो. दोनदा बसली आहेस, तुला हे माहीत आहे. मग रोज दार लावून सराव का? आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी गॅलरीत बस, खाली दांडिया बाजारची रहदारी असू दे. नवरात्र आलं तर गरब्याचे स्पीकर चालू असताना दहा वाक्यं लिही.

प्रश्न : माझा मुलगा आयईएल्टीएस ही पीटीईसारखीच इंग्रजीची परीक्षा देतो आहे. लिसनिंगचे पुढचे भाग त्याला जमतात, पण पहिल्या सोप्या भागात नाव, पत्ता आणि आकडे चुकतात.
— एक पालक, कारेलीबाग

उत्तर : पहिला भाग सोपा वाटतो म्हणून तिथे सरावच होत नाही. तीस मिनिटांत चाळीस प्रश्न असतात, आणि पहिल्या भागातल्या गुणाचं मोल चौथ्या भागातल्या व्याख्यानाच्या गुणाइतकंच असतं.

अक्षरांत ‘ए’, ‘ई’, ‘आय’ आणि ‘जी’, ‘जे’ यांचा गोंधळ होतो. अमेरिकन माणूस ‘झेड’ला ‘झी’ म्हणतो आणि आपल्या कानाला तो ‘जी’ वाटतो. घरातल्या कोणी रोज दहा अनोळखी आडनावं अक्षरं सुटी करून, थोडी भरभर वाचावीत, मुलानं लिहावीत. ‘डबल एल’, ‘डबल फोर’ मधे मधे घालावेत. शून्याला ‘ओ’ म्हणावं.

आकड्यांत फिफ्टीन आणि फिफ्टी. एकदा साहेबांनी पैसे पंधरा दिवसांत द्यायचं पत्र सांगितलं आणि मी पन्नास टाइप केलं. सही करताना त्यांनी पकडलं नसतं, तर कारखान्याचे पैसे महिनाभर अडकले असते. ती चूक मला अजून बोचते. मी शिकले होते की ‘फिफ्टीन’मध्ये जोर शेवटी असतो. तो शब्द एकटा असतो तेव्हा ते खरं आहे. पण पुढे ‘डेज’ आलं की जोर पुष्कळदा ‘फिफ्’वर सरकतो आणि फसगत होते. म्हणून मुलाला सांगा, जोरावर विसंबू नकोस, शेवटचा ‘न’ ऐक.

प्रश्न : सबटायटल लावून इंग्रजी मालिका पाहिल्या तर कान तयार होतो का?
— एक वाचक, मांडवी

उत्तर : इंग्रजी सबटायटलनं थोडी मदत होते, पण नुसत्या तेवढ्यावर विसंबू नका. डोळे वाचत राहतात आणि कान विसावू शकतो. पाच मिनिटांचा तुकडा आधी सबटायटल बंद करून ऐका, काय ऐकलं ते लिहा, मग लावून पडताळा. दिवसाला तेवढा एक तुकडा पुरे.