नॉर्थ स्टारचे गुण २५ वरून २१: शिरपूरच्या ताईंसाठी

ताई, मुलगा सात वर्षांचा, ड्युशेन (स्नायू हळूहळू कमजोर करणारा आजार), नॉर्थ स्टारचे, म्हणजे चालत्या मुलांच्या हालचाली मोजणाऱ्या चाचणीचे, गुण सहा महिन्यांत २५ चे २१ झाले आणि 'औषध लागू पडत नाही का' हा तुमचा प्रश्न. आमच्या मुलाचे २४ चे १९ झाले होते. मी डॉक्टर नाही, बाप आहे. तेवढं धरून वाचा.

ते चार गुण गेले कुठे, ते आधी बघा. १७ कृती, प्रत्येकीला ०, १ किंवा २, मिळून ३४. नुसत्या बेरजेत काही कळत नाही, आणि मी नेमका बेरजेलाच घाबरलो.

जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई, पोरगं माझ्या मांडीवर अर्धवट झोपलेलं, सकाळी स्टेशनवरून थेट तपासणीला. आई म्हणत होती, "पोऱ्या थकी गया." मी तिलाच गप्प केलं. मोजणारी व्यक्तीही या खेपेला वेगळी. हातात कागद आला त्यावर फक्त '१९'. कृतीवार तक्ता मागितला तर खिडकीवरचा म्हणे, "तो आमच्या फाइलीत राहतो." तीन चकरा मारल्या, नाहीच मिळाला. त्या धास्तीत एका स्टेम सेलवाल्याकडे त्या वर्षीच्या कापसाचे पैसे ओतून आलो. फरक शून्य. नाव लिहीत नाही, पण असल्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका.

नंतर दुसरीकडे, आदल्या रात्री मुक्काम करून, तीच चाचणी केली. २३! लंगडी आणि उडीचे गुण परत आले होते. जमिनीवरून उठण्याचा १ तसाच होता, म्हणजे मांड्यांवर हात टेकत, पण स्वतःचा स्वतः. खुर्ची धरावी लागली की तिथे ० पडतो. माझ्या मते बेरजेपेक्षा याच रकान्यावर नजर ठेवा.

शक्यतो मोजणारी व्यक्ती तीच, वेळ तीच, पाय अनवाणी. घरी दोन-तीन महिन्यांतून एकदा उठतानाचा व्हिडिओ काढा, सेकंद लिहून ठेवा. रोज नको. माझा मुलगा मोबाइल दिसला की मुद्दाम आडवा पडायचा.

आणि उतार खरा असला तरी, स्टेरॉइडवरच्या मुलांचेही गुण साधारण वयाच्या सातव्या वर्षाच्या आसपास शिखर गाठून उतरायला लागतात. त्यावरून औषध फुकट गेलं असं होत नाही. स्टेरॉइड मनाने अचानक बंद तर अजिबात करू नका, जिवावर बेतू शकतं.

तक्त्याचा फोटो तिथेच, टेबलावर असतानाच काढून घ्या. मिळाला तर मुलाचं नाव झाकून इथे टाका, उठण्याचा रकाना आधी बघू.